रात्री दोनला राजाराम बंधाऱ्याची पातळी बघायची सवय कशी मोडायची?

शाडू (रात्री १:५०)

खाली कारखान्यात एकशे दहा गणपती बसलेत. त्यातल्या चाळीसांची आखणी, म्हणजे डोळे रंगवणं, बाकी आहे. आणि मी वर कॉटवर पडून मोबाईलमध्ये पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघतोय. बाराला ३३ फूट ४ इंच होती, आत्ता ३३ फूट ६ इंच. इशारा ३९ ला, धोका ४३ ला. म्हणजे इशाऱ्यालाच अजून साडेपाच फूट आहेत. गणित येतंय मला. तरी दर वीस मिनिटांनी हात उशाखाली जातोच.

मी कोल्हापूरचा, शाहूपुरीतल्या कुंभार गल्लीतला. वय ४६. आमच्याकडं पाणी समोरून येत नाही, जयंती नाला उलटा फिरतो आणि मागच्या दारानं येतो. त्यामुळं नदीकडं बघून काही कळत नाही, आकडाच बघावा लागतो.

२०१९ चं सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. ४ ऑगस्ट, रविवार. दुपारी आण्णा (माझे वडील) म्हणाले, "खालच्या रांगा उचलूया रं." मी म्हटलं, २००५ ला पाणी पायरीपर्यंत आलेलं, त्याच्या वर येत नसतंय. हे मी तोंडानं बोललो. खरं कारण वेगळं होतं. खालच्या रांगेत कच्च्या मूर्ती होत्या. ओली शाडू उचलायला गेलं की सोंड हातात येते, नाहीतर हात हातात येतो. माझं चार दिवसांचं काम मला मोडायचं नव्हतं. सोमवारी नागपंचमी. सकाळी आम्ही नागोबा विकले. रात्री नाला फिरला.

पाणी उतरल्यावर चिखल उपसायला गेलो तेव्हा शाडूच्या मूर्तींची परत माती झालेली. एका पाटावर नुसता काथ्या राहिलेला, मांडी घालून बसल्यासारखा. आण्णांनी खाली वाकून ती माती हातात घेतली, बोटांत चोळली आणि म्हणाले, "चाळून घेतली तर वापराय येईल." बास. "मी सांगत होतो" असं त्या दिवशी म्हणाले नाहीत, पुढंही कधी म्हणाले नाहीत. २०२० च्या दिवाळीआधी गेले. एकदा शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

आता अडचण. आखणी. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: गणपतीच्या डोळ्यात आधी पांढरा भरायचा. मग वरच्या पापणीची रेघ. ही एका दमात ओढायची, नाकाकडं जाड आणि कानाकडं बारीक होत जाणारी. मध्येच ब्रश उचलला तर जोड दिसतो, कितीही पुसा. मग बुबुळ, आणि शेवटी बुबुळात पांढरा ठिपका. दोन्ही डोळ्यांतला ठिपका एकाच बाजूला पडला नाही तर देव तिरका बघतो. पंचवीस वर्षं करतोय. पण जुलै लागला की ब्रश पापणीवर असतो आणि मी असतो कसबा बावड्यात, बंधाऱ्यावर. नाहीतर २०१९ च्या त्या रविवारी. परवा एका गिऱ्हाइकानं मूर्ती हातात घेतली आणि म्हणाला, "मालक, ह्यो दाराकडं का बघतोय?" बघितलं तर खरंच मागच्या दाराकडं बघत होता.

बायको म्हणते, झालं गेलं गंगेला मिळालं. आता आमची गंगाच घरात येऊन मिळते, त्याला काय करणार. मेव्हणा रोज सकाळी फुलांचा फोटो पाठवतो, 'आजचा क्षण हाच खरा.' मेव्हण्याचं घर राजारामपुरीत, उंचावर. त्याचा क्षण कोरडा असतो.

आणि वर्तमानात जगा म्हणणाऱ्यांना एक विचारायचंय. २०२१ ला मी काळजी करत होतो म्हणूनच वाचलो. २२ जुलैला सकाळी टेम्पो लावला आणि १३० मूर्ती त्याच मेव्हण्याच्या पार्किंगमध्ये नेल्या. त्या वर्षी पाणी २०१९ पेक्षाही वर गेलं, ५६ फुटांवर. मग काळजी सोडू कशी? सोडली आणि नेमकं त्याच वर्षी आलं तर?

कट्ट्यावरचा (सकाळी ७:०५)

सगळ्याचं मूळ ते कर्नाटकातलं अलमट्टी धरण. आधी तिथलं पाणी सोडा म्हणावं, मग क्षणाबिणात जगू.

शाडू (सकाळी ७:२०)

भावा, अलमट्टीवर भांडायला दुसरा धागा हाय. मला फक्त झोपायचंय.

काहील (सकाळी ९:४०)

आमचं गुऱ्हाळ आहे भोगावतीकाठी. मी स्वतः गुळव्या नाही, मी हिशोब बघतो आणि शिव्या खातो. गुळव्या आमचे मामा. तुमची पापणीची रेघ वाचली आणि मामाच डोळ्यापुढं आले.

रस काहिलीत पडला की सुरुवातीला कुणीही लक्ष दिलं तरी चालतं. चुलवाणात चिपाड सारायचं, भेंडीचं पाणी घालायचं, मळी वर आली की काढत राहायचं. ह्या वेळात मामा सगळं बोलतात. सोसायटीचं कर्ज, पोराचं मोडलेलं लग्न, कोण कुणाच्या बांधावर चढला. मग रस आटतो, रंग बदलतो. आधी फेस भरभर वर येत असतो, नंतर बुडबुडे जड होतात, गदगद असा आवाज यायला लागतो. इथून पुढं मामा गप्प. पळीनं थोडा पाक गार पाण्यात टाकतात, बोटांनी गोळी करून बघतात. कच्चा उतरवला तर गूळ बसत नाही, जास्त झाला तर करपट लागतो आणि रंग जातो. मधली वेळ थोडकी. त्या वेळात कुणी "मामा, चहा?" म्हटलं तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार होतो. आधण वाफ्यात ओतलं की बिडी पेटवतात आणि कर्ज पुन्हा तिथूनच सुरू.

एकदा मी विचारलं, मामा, पाक बघताना डोक्यात काय येत नाही का? म्हणाले, "येतंय की. पर पाक बघू का त्यास्नी बघू?"

म्हणजे मामांनाही चोवीस तास जमत नाही, आधणापुरतं जमतं. मला वाटतं तुम्ही कॉटवर पडून मन रिकामं करायला बघताय, ते कुणालाच होत नसतंय. रात्री दोनला झोप येत नसेल तर खाली जा आणि आखणी करा. हातात पाक पाहिजे.

एक विचारू का? त्या मातीचं पुढं काय झालं? चाळली का?

दहा दिवस गप्प (सकाळी ११:१५)

हातकणंगल्याजवळ आळत्याला विपश्यनेचं केंद्र आहे. तीन वर्षांपूर्वी दहा दिवस राहून आलो. पहाटे चारला घंटा, मोबाईल पहिल्याच दिवशी जमा, बोलायचं नाही, शेजाऱ्याकडं बघून हसायचंही नाही. जाताना वाटलेलं की डोकं धुवून, इस्त्री करून परत मिळेल. तसलं काही होत नाही. पहिले साडेतीन दिवस फक्त नाकाशी श्वास आत जातो, बाहेर येतो, तेवढं बघायचं. दुसऱ्या दिवशी दुपारी एक तास बसलो त्यातली पन्नास मिनिटं मी मनानं मिसळ खात होतो, कटासकट. राधानगरीच्या धरणाचे सात दरवाजे कसे स्वयंचलित आहेत, तलाव भरला की कुणी न सांगता आपले आपण उघडतात, तसे माझ्या डोक्याचे सातही स्वयंचलित निघाले. तिथं फक्त एवढं शिकलो की दरवाजा उघडला हे पूर्वी मला पाण्यात वाहून गेल्यावर कळायचं, आता जरा आधी कळतं. कधी कधी. परवा टोलवर भांडलो तेव्हा नाही कळलं.

तुम्हाला जा म्हणत नाही, गणपतीला सव्वा महिना राहिलाय. एवढंच विचारतो, रेघ ओढताना श्वासाचं काय करता? रोखून धरता का?

शाडू (दुपारी १:३०)

@दहा दिवस गप्प, मी रोखतो. पण तुम्ही विचारलं म्हणून आठवलं, आण्णा रोखू द्यायचे नाहीत. "श्वास सोडत सोडत रेघ वड, कोंडलास की हात कापतोय," असं म्हणायचे. मी कोंडायला कधी लागलो ते मलाच माहीत नाही.

@काहील, मातीचं रात्री लिहितो. गिऱ्हाईक आलंय.

चिखलीची (दुपारी ३:१०)

मी प्रयाग चिखलीचा. बाईमाणूस आहे, पण आमच्यात बायका पण आलो-गेलोच म्हणतात, पुण्याच्या लोकांनी गोंधळू नये. सात म्हशी आहेत. रोज संध्याकाळी दोन म्हशी घेऊन गंगावेशीत कट्ट्यावर धारा काढतो. चार नद्या आमच्या गावाजवळ एक होतात, पाचवी सरस्वती गुप्त आहे म्हणतात. आम्हाला चारच पुरतात.

भाऊ, तुमचं सगळं वाचलं. तुम्ही म्हणताय काळजीनं मूर्ती वाचल्या. मूर्ती काळजीनं नाहीत, टेम्पोनं वाचल्या. टेम्पो तुम्ही सकाळी बोलावला, उजेडात. त्याच्या आदल्या रात्री दोनला जो आकडा बघितला त्यानं एक तरी मूर्ती जागची हलली का?

आमचं २०१९ ला असं झालं की बोट दारात आली तरी आम्ही चढलो नाही. म्हशी सोडून कसं जायचं? गावात बरेच जण तसेच थांबलेले. शेवटी पाणी छातीला लागलं तेव्हा म्हशींची दावी सोडली. म्हशी पोहत्यात, त्यांची काळजी नव्हती. एक रेडकू आतल्या बाजूला होतं. त्याचं दावं ओलं होऊन आवळलं, निरगाठ बसलेली, मला सुटली नाही. विळा शोधायला गेलो, परत आलो तोवर झालेलं. दोन वर्षं माझी बोटं झोपेत ती गाठ सोडत होती. मालक सांगायचे, हात हलवत होतीस म्हणून.

आता आमच्या गोठ्यात एकही निरगाठ नाही. सगळ्या सुरगाठी. एक टोक ओढलं की जनावर मोकळं. जून लागला की मी स्वतः सातही दावी ओढून बघतो. रेडकाची आठवण येतीच. आली की उठून एक दावं ओढून बघतो, सुटलं की परत बांधतो आणि कामाला लागतो.

दुसरं, आकडे. मे महिन्यात, ऊन असताना, डोकं थंड असताना, आम्ही दाराच्या आत कागद चिकटवतो. ३२ फुटाला वैरण वर. ३५ ला गाभण म्हशी सोनतळीला. ३७ ला सगळं आणि सगळे, कुणी शहाणपणा करायचा नाही. मालकांनी "अजून बघू की जरा" म्हटलं तर कागद दाखवायचा. पोरगा सकाळी सातला आणि संध्याकाळी सातला पातळी बघतो. पाऊस धो धो असला तर झोपायच्या आधी आणखी एकदा. मी बघतच नाही. मला आकडा नको, मला काम सांग म्हणतो. एका रात्रीत पाणी किती चढतं ते तुम्हालाही माहिती आहे, तेवढं अंतर धरून आकडे ठरवा.

आणि कच्च्या मूर्ती खालच्या रांगेत अजून ठेवता का? हे मला आधी सांगा.

शाडू (दुपारी ३:४०)

ठेवतो. खाली गार असतं, तडे जात नाहीत.

चिखलीची (दुपारी ३:४५)

मग रात्री जागाच.

वॉर्ड नंबर सहा (संध्याकाळी ६:२०)

मी नर्स आहे, दवाखान्याचं नाव राहू दे. वरचं सगळं बरोबर आहे, मी फक्त माझ्या कामाचं बोलते. झोप किती दिवस नाही? आठवड्यातून एखादी रात्र असेल तर कागद आणि सुरगाठ पुरेल. पण तीन-चार आठवडे रोज असंच चाललं असेल, छाती धडधडत असेल, जेवण तुटलं असेल, तर मानसोपचाराच्या डॉक्टरांना एकदा दाखवा. पुरानंतरचं हे दुखणं आम्ही खूप बघितलंय. लोक बीपी तपासायला येतात आणि जाताना दारात उभं राहून विचारतात, सिस्टर, पाऊस वाढणार का? टेली मानसचा १४४१६ नंबर आहे, सरकारी, फुकट, मराठीत बोलतात. घरात कळू नये असं वाटत असेल तर गच्चीवर जाऊन लावा.

शाडू (रात्री ९:१५)

सिस्टर, जूनच्या शेवटापासून. म्हणजे तीन आठवडे झालेच. जेवण व्यवस्थित चालू आहे, बायकोला विचारा. नंबर लिहून घेतलाय. लावीन म्हणत नाही, लिहून घेतलाय एवढं खरं सांगतो.

कट्ट्यावरचा (रात्री ९:३०)

शाडूशेठ, सकाळचं मनावर घेऊ नका. आमचं दुकान लक्ष्मीपुरीत. मी पण बघतो हो रात्री. म्हणून तर सकाळी सातला अलमट्टी सुचते.

शाडू (दोन दिवसांनी, रात्री ११:२५)

सगळ्यांना एकत्रच लिहितो.

आक्का, तुमचं "मग रात्री जागाच" लई लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी माळ्यावर फळ्या मारल्या आणि कच्च्या मूर्ती वर नेल्या. ओल्या गोणपाटाचा आडोसा केलाय, तडे अजून तरी नाहीत. एकीची सोंड हातात आलीच. बसवली परत. २०१९ ला जे करायला भ्यालो त्याला पाऊण तास लागला, हे घड्याळात बघितलं आणि जरा वेळ तिथंच फळीवर बसून राहिलो.

कागद चिकटवलाय. ३५ ला टेम्पोवाल्याला फोन, ३६ ला खालच्या रांगा, ३८ ला सगळं. मेव्हण्याला पार्किंग मोकळं ठेवायला सांगितलं. त्यानं उलट फुलांचा फोटो पाठवला, पण गाडी बाहेर लावली. पातळी बघायचं काम पोरीकडं दिलंय. तिनं अट घातली की बाबांनी मध्येच विचारलं तर दर वेळी दहा रुपये दंड. पहिल्या रात्री ४० रुपये गेले. काल २०.

काहीलवाले, मातीचं. चाळली होती. मी नाही, आण्णांनी. पत्र्याच्या डब्यातून पाणी घालून, निवळून, दोन-तीनदा. मी तिकडं बघतही नव्हतो, मला त्या मातीचा वास सहन होत नव्हता. पोती भरून ठेवली. २०२० ला कोरोना आला आणि सरकारनं घरगुती मूर्ती दोन फुटांच्या आतच सांगितली. मोठ्या मूर्तींच्या ऑर्डरी गेल्या, बारक्या पाहिजे होत्या. तेव्हा आण्णांनी ती पोती उघडली. अकरा मूर्ती झाल्या त्या मातीच्या, वीतभर. आखणी त्यांनी स्वतः केली, दारात बसून, चष्मा दोऱ्यानं बांधून. त्यांनी आखलेल्या त्या शेवटच्या. सगळ्या विकल्या गेल्या, विसर्जनही झालं.

हे तुम्ही विचारेपर्यंत माझ्या डोक्यातच नव्हतं. इतकी वर्षं आण्णा म्हटलं की मला ते चिखलात वाकलेले दिसतात. दारात बसून आखताना त्याच डोळ्यांनी बघितलेले की मी. तेव्हा शिट्टी वाजवत होते, बारीक, तोंडातल्या तोंडात. श्वास सोडत रेघ ओढायची त्यांची तीच पद्धत होती बहुतेक.

रविवार सुटलाय असं नाही. आज दुपारी आखताना पुन्हा आला. ब्रश उचलून ठेवला, चहा घेतला, मग बसलो. पण परवाचा तो दाराकडं बघणारा होता ना, त्याचे डोळे पुसून पुन्हा पांढरा भरलाय. पापण्या झाल्या, शिट्टी मारत. बायकोनं आत येऊन बघितलं, काय बोलली नाही. बुबुळं वाळलीत. आता दोन ठिपके राहिलेत.

बाहेर चांगलाच लागलाय. शून्य नंबरचा ब्रश भिजत घातलाय, खाली चाललोय. पाणी किती झालं ते इथं कुणी लिहू नका.